गुडघ्याची झीज: भाराची रेषा कुठून जाते?

पन्नाशीनंतर गुडघा दुखायला लागला की एक्स-रे निघतो आणि बहुतेकांच्या हाती एकच वाक्य पडतं: "झीज झाली आहे, दुसरी स्टेज." झीज किती, हे त्यातून कळतं. पण ती गुडघ्याच्या आतल्या बाजूला आहे, बाहेरच्या बाजूला आहे की वाटीच्या मागे? पाय सरळ आहे की बाकदार? उभं राहिल्यावर शरीराचा भार सांध्याच्या कुठल्या भागातून खाली उतरतो? हे फारसं कोणी सांगत नाही आणि विचारतही नाही. त्या गुडघ्याचं पुढच्या पाच-दहा वर्षांत काय होणार, हे मात्र बरंचसं या प्रश्नांवर ठरतं. काठी कुठल्या हातात धरायची, पट्टा कुठला घ्यायचा, व्यायामाकडून कितपत अपेक्षा ठेवायची आणि शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर कुठली करायची, या सगळ्याची उत्तरं तिथूनच निघतात.

या लेखात 'आतली बाजू' म्हणजे दुसऱ्या पायाकडची बाजू आणि 'बाहेरची बाजू' म्हणजे तिच्या विरुद्ध, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

कूर्चा कशी जगते

मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक यांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. जाडी साधारण दोन ते चार मिलिमीटर. वाटीच्या मागच्या बाजूला त्याहून जास्त. या थराचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग पाणी असतं. उरलेल्यात कोलॅजेनच्या तंतूंचं जाळं आणि त्या जाळ्यात अडकलेले, पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकन नावाचे मोठे रेणू असतात. पेशी अगदी थोड्या, एकूण आकारमानाच्या काही टक्केच. रक्तवाहिनी एकही नाही आणि मज्जातंतूही नाही.

या शेवटच्या वाक्यातून दोन गोष्टी निघतात. मज्जातंतू नाहीत म्हणजे कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं आतलं अस्तर, भोवतालचं आवरण आणि स्नायूबंध. म्हणून एक्स-रेत बरीच झीज असूनही एखादा माणूस आरामात चालतो आणि थोड्याशाच झिजेत दुसऱ्याला रात्री झोप लागत नाही. दुसरी गोष्ट पोषणाची. रक्त पोहोचत नाही म्हणून कूर्चेला सगळं सांध्यातल्या द्रवातून मिळतं. भार आला की तिच्यातलं पाणी थोडं बाहेर पडतं, भार उतरला की द्रव पुन्हा आत शिरतो. या ये-जा करण्यावरच पेशी जगतात. मणक्याच्या इजेमुळे पाय लुळे पडलेल्यांच्या गुडघ्यांतली कूर्चा भाराअभावी पातळ होत जाते, असं एमआरआयमध्ये मोजलेलं आहे. त्यामुळे "झीज आहे, आता चालणं बंद करा" हा सल्ला गुडघ्याचं नुकसान करणारा आहे.

"वंगण संपलंय" हेही आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. झिजलेल्या गुडघ्यात द्रव कमी झालेला नसतो. उलट अस्तराला सूज येऊन बऱ्याचदा तो वाढलेला असतो आणि गुडघा फुगलेला दिसतो. बिघडलेला असतो तो द्रवाचा दाटपणा. खरी हानी कोलॅजेनच्या जाळ्याची होते. प्रौढ माणसाच्या सांध्यातलं हे कोलॅजेन जवळजवळ बदललंच जात नाही. त्यातलं निम्मं बदलायला लागणारा काळ माणसाच्या आयुष्यापेक्षाही जास्त निघतो. लहानपणी विणलेलं जाळं जन्मभर पुरवायचं असतं. म्हणूनच त्यावरचा भार कुठे आणि किती पडतो, याला एवढं महत्त्व आहे.

रेषा

खुब्याच्या गोळ्याचा मध्य आणि घोट्याचा मध्य यांना जोडणारी सरळ रेषा काढा. ही भाराची रेषा. सरळ पायात ती गुडघ्याच्या मध्यापासून किंचित आतल्या बाजूने, अवघ्या काही मिलिमीटरांवरून जाते. पाय बाकदार असला, म्हणजे घोटे जुळवल्यावर गुडघ्यांत फट राहत असली, तर रेषा आतल्या बाजूला सरकते. वैद्यकीय भाषेत याला व्हॅरस म्हणतात. गुडघे एकमेकांना टेकतात आणि घोटे लांब राहतात, त्या पायात ती बाहेर सरकते, तो व्हॅल्गस.

सरळ पायातही भार दोन्ही बाजूंना सारखा वाटला जात नाही. चालताना एक पाय उचललेला असतो, तेव्हा सगळं शरीर टेकलेल्या पायाच्या आतल्या बाजूला असतं आणि ते गुडघ्याला आतून दाबतं. परिणामी निरोगी गुडघ्यातही साधारण ६० ते ७० टक्के भार आतल्या कप्प्यातून जातो. झीज बहुतेकांच्या आतल्या बाजूला का सुरू होते, याचं एक मोठं कारण हेच. पाय बाकदार झाला की हा वाटा आणखी वाढतो.

भार तरी किती? कृत्रिम सांध्यात मोजणारी उपकरणं बसवून केलेल्या अभ्यासांत सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना चढताना तीन पटींहून अधिक आणि उतरताना जवळजवळ साडेतीन पट भार मोजला गेला. उतरताना जास्त दुखतं, ही तक्रार मनाची समजूत नाही.

बाकाचा आणि झिजेच्या वेगाचा संबंध शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात लीना शर्मा आणि सहकाऱ्यांनी दाखवला. २००१ साली जामा या नियतकालिकात तो अभ्यास आला. झीज असलेल्या लोकांना दीड वर्ष पाहिल्यावर दिसलं, की व्हॅरस गुडघ्यांत आतल्या बाजूची झीज पुढे सरकण्याची शक्यता सुमारे चौपट होती आणि व्हॅल्गस गुडघ्यांत बाहेरच्या बाजूची जवळजवळ पाचपट. मुळात जितका बाक जास्त, तितकी सांध्यातली फटही अधिक कमी झाली होती.

इथे एक दुष्टचक्र आहे. आतली कूर्चा झिजली की त्या बाजूची उंची कमी होते, त्यामुळे पाय आणखी बाकतो, रेषा आणखी आत सरकते आणि झीज वाढते. सांध्यातली मेनिस्कस नावाची अर्धचंद्राकृती गादी फाटली किंवा जागेवरून बाहेर सरकली तर हे चक्र फार वेगाने फिरतं. दुसरीकडे बाहेरच्या बाजूचे स्नायूबंध ताणून सैल पडतात आणि प्रत्येक पावलागणिक गुडघा बाहेर झुकतो.

पण प्रत्येक बाकदार पाय आजारी नसतो. बेल्जियममध्ये विशीतल्या २५० निरोगी तरुण-तरुणींच्या पायांचे कोन मोजले, तेव्हा ३२ टक्के पुरुषांचे आणि १७ टक्के स्त्रियांचे पाय जन्मजात ठेवणीतच तीन अंश किंवा त्याहून जास्त व्हॅरस निघाले. न दुखणारे, वर्षानुवर्षं तसेच असलेले बाकदार पाय घेऊन घाबरण्याचं कारण नाही. काळजीचा बाक तो, जो वाढतो आहे. तसंच, मोठेपणी आलेला बाक ड जीवनसत्त्वाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांनी सरळ होत नाही. कमतरता असेल तर त्या जरूर घ्याव्यात, पण हाडांसाठी.

घरी काय पाहता येईल

पहिली तपासणी मोजपट्टीची. अनवाणी उभे राहा, दोन्ही वाट्या अगदी समोर बघतील अशा ठेवा, पाय हळूहळू जवळ आणा. घोटे आधी टेकले तर दोन गुडघ्यांमधली फट मोजा. गुडघे आधी टेकले तर घोट्यांमधली. आकडा तारीख घालून लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. पाऊल बाहेर किंवा आत वळवून उभं राहिलं तर आकडा चुकतो, म्हणून वाटीवर लक्ष ठेवा, बोटांवर नाही. एकट्या आकड्यापेक्षा त्यातला बदल महत्त्वाचा, आणि एकाच पायाचा बाक वाढत असेल तर जास्तच.

दुसरी तपासणी मोबाइलची, आणि आमच्या मते ही जास्त मोलाची. गुडघे उघडे दिसतील असे कपडे घाला. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर, स्टुलावर टेकवून ठेवा. त्याच्याकडे तोंड करून नेहमीच्या वेगाने दहा पावलं चाला, मग पाठ करून दहा पावलं. चित्रफीत संथ करून पाहा. टाच टेकून वजन पायावर येतं त्या क्षणी गुडघा बाहेरच्या बाजूला झटक्याने जातो का? आणि पाऊल उचललं की परत जागेवर येतो का? हा झटका दिसला तर स्थिर उभं राहून मोजलेल्या बाकापेक्षा तो अधिक गंभीर संकेत आहे. २००४ साली आलेल्या अभ्यासात असा झटका असलेल्या गुडघ्यांत आतली झीज वाढण्याची शक्यता चौपट आढळली. डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना ही चित्रफीत दाखवा. दवाखान्याच्या अरुंद खोलीत चार पावलांत तो दिसेलच असं नाही.

एक्स-रे: उभं राहूनच

झोपवून काढलेल्या एक्स-रेत सांध्यावर भारच नसतो. कूर्चा झिजली असली तरी हाडांत फट दिसते आणि "गॅप चांगला आहे" असा अहवाल येऊ शकतो. म्हणून चिठ्ठीवर 'दोन्ही गुडघे, उभं राहून' असं लिहिलंय का ते पाहा. नसेल तर विचारा. गुडघे ४५ अंश वाकवून, उभं राहून, मागून काढलेला एक्स-रे त्याहून जास्त सांगतो, कारण कूर्चा पुष्कळदा हाडाच्या थोड्या मागच्या भागात आधी झिजते. वाटीसाठी वेगळा, वरून काढायचा एक्स-रे असतो.

रेषा मोजायची तर खुब्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पाय एका चित्रात हवा. याला स्कॅनोग्राम म्हणतात. लहान एक्स-रेवरून अंदाज येतो, कोन नाही. स्कॅनोग्राम बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे पाय वळलेला असणं. वाटी समोर नसेल किंवा गुडघा पूर्ण सरळ होत नसेल, तर सरळ पायही बाकदार भासतो आणि बाकदार पाय सरळ. चित्रात वाटी मांडीच्या हाडाच्या मधोमध दिसत नसेल, तर त्यावर मोजलेल्या कोनावर भरवसा ठेवू नये. दर दुखण्याला स्कॅनोग्राम लागत नाही. झीज एकाच बाजूला आहे, बाक वाढतोय किंवा शस्त्रक्रियेचा विचार चाललाय, तेव्हा तो हवाच.

एमआरआयबद्दल सावध राहावं. पन्नाशीनंतर मेनिस्कस फाटलेली दिसणं इतकं सर्वसाधारण आहे, की अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या रहिवाशांच्या २००८ सालच्या अभ्यासात फाटलेली मेनिस्कस असलेल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचं काहीच दुखणं नव्हतं. झिजलेल्या, बाकदार गुडघ्यातली फाटलेली मेनिस्कस दुर्बिणीने कापून काढली की आतल्या कप्प्यातली उरलीसुरली गादीही जाते आणि कूर्चेवरचा दाब वाढतो. गुडघा खरोखर अडकून बसत असेल तर गोष्ट निराळी. केवळ 'सफाई'साठी दुर्बीण घालण्याचा झिजेवर उपयोग होत नाही, हे २००२ साली ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत दिसलं. तिथे काहींना नुसते छेद देऊन टाके घातले होते आणि खरी शस्त्रक्रिया झालेल्यांना त्यांच्यापेक्षा जास्त आराम पडला नाही.

एक अपवाद मात्र ठळक सांगायला हवा. उकिडवं बसताना, जमिनीवरून उठताना किंवा पायरी उतरताना गुडघ्याच्या मागच्या बाजूला 'कट्' असा आवाज आला, लगेच तीव्र कळ उठली आणि त्यानंतर चालणं अवघड झालं, तर मेनिस्कसचं मूळ हाडापासून सुटलेलं असू शकतं. ही इजा मध्यमवयीन स्त्रियांमध्ये आणि जमिनीवर बसण्याची सवय असलेल्या आशियाई समाजांत जास्त दिसते. मूळ सुटलं की मेनिस्कस असून नसल्यासारखी होते. कूर्चेवरचा दाब ती पूर्ण काढून टाकल्याइतका वाढतो. इथे महिनोन्महिने मलम चोळत बसू नये. लवकर एमआरआय करून, पाय फार बाकदार नसेल आणि कूर्चा शिल्लक असेल तर मूळ पुन्हा शिवता येतं.

भार कमी कसा करायचा

वजन. एक किलो कमी केलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. २००५ साली अमेरिकेत हे मोजलं गेलं. पाच किलो उतरवले तर पावलागणिक वीस किलो. वजनाचा परिणाम रेषेशीही जोडलेला आहे: मध्यम बाक असलेल्या गुडघ्यांत वाढत्या वजनाबरोबर झीज स्पष्टपणे वेगाने वाढते, सरळ गुडघ्यांत तेवढी नाही. म्हणजे बाकदार पायाच्या माणसाला वजन कमी केल्याचा फायदा जास्त मिळायला हवा. लक्ष्य शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांचं ठेवा. ७० किलोंच्या व्यक्तीने सात किलो, आणि तेही वर्ष-दीड वर्षात. केवळ चालून वजन उतरत नाही. भात-पोळीचं प्रमाण, चहातली साखर आणि तेल यांना हात लावावाच लागतो, आणि सोबत डाळी, कडधान्यं, अंडी, दही अशी प्रथिनं वाढवावी लागतात, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात.

काठी. ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग आतल्या कप्प्यावरचा भार हवा तसा कमी होत नाही. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे टाकायचे. उंची अशी ठरवा: चपला घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा, मनगटावरच्या घडीशी मूठ आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर थोडं, साधारण वीस अंश, वाकलेलं असावं. काठी उंच असेल तर खांदा वर उचलला जातो, बुटकी असेल तर कंबर झुकते. नुसती टेकवत चालू नका, तिच्यावर वजन द्या. खालचं रबर गुळगुळीत झालं की बदला. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय.

व्यायाम. इथे अपेक्षा नीट समजून घ्यायला हव्यात. मांडीचे स्नायू बळकट केल्याने पाय सरळ होत नाही आणि गुडघ्याला आतून दाबणारी ताकदही फारशी बदलत नाही. बदलतं ते दुखणं, जिना चढण्याची क्षमता आणि तोल. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या बारा आठवड्यांच्या व्यायामाने बऱ्यापैकी सरळ गुडघ्यांचं दुखणं कमी झालं, जास्त बाकदार गुडघ्यांचं मात्र लक्षणीय कमी झालं नाही. याचा अर्थ बाकदार पायाने व्यायाम सोडावा असा नाही. त्याने फक्त मांडीच्या पुढच्या स्नायूवर विसंबू नये; खुब्याचे स्नायू, पोटरी आणि तोल यांवरही काम करावं.

सुरुवात या चार व्यायामांनी करा, एक दिवसाआड. पाठीवर झोपून एक गुडघा वाकवा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचला, पाच सेकंद धरा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, किंचित मागे ठेवून उचला; तो पुढे आला तर खुब्याच्या बाजूचा स्नायू काम करत नाही, मांडीचा करतो, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि सावकाश, तीन सेकंद घेऊन बसा. त्रास होत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. ओट्याला धरून टाचा उचला. प्रत्येकी दहा वेळा, दोन-तीन फेऱ्या. खुर्चीवरून उठताना गुडघा आत किंवा बाहेर न ढळता पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे, त्यासाठी समोर आरसा ठेवा. व्यायाम करताना थोडं दुखलं, शून्य ते दहाच्या मापात चार-पाचपर्यंत, तर चालतं. दुसऱ्या दिवशीही ते दुखणं उतरलं नाही किंवा गुडघा सुजला, तर फेऱ्या निम्म्या करा, बंद करू नका. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यात सोडणाऱ्यांना काहीच हाती लागत नाही.

पट्टा. औषधाच्या दुकानात मिळणारी लवचीक नी-कॅप ऊब आणि धीर देते, रेषेला हात लावत नाही. रेषेवर काम करणारा पट्टा वेगळा: त्याला बाजूला कडक दांडी असते आणि तो तीन ठिकाणी दाब देऊन गुडघ्याला सरळ रेषेकडे ढकलतो. त्याला अनलोडर ब्रेस म्हणतात. आतल्या एकाच कप्प्यात झीज असलेल्या, चालत्या-फिरत्या माणसाला तो उपयोगी पडतो. जाड मांडीवरून तो घसरतो आणि आपल्या उन्हाळ्यात घामाने त्वचा सोलते, म्हणून विकत घेण्याआधी अर्धा तास घालून चालून पाहा. दिवसातल्या जास्त चालण्याच्या वेळेपुरता वापरला तरी पुरतो.

पादत्राणं. बुटात बाहेरच्या कडेला उंच असणारी पाचर घातली की प्रयोगशाळेत भार थोडा कमी झालेला दिसतो. पण साध्या सपाट तळाशी तुलना केली तर दुखणं काही जास्त कमी होत नाही, असं २०१३ सालच्या एकत्रित विश्लेषणात निघालं. म्हणून महागड्या पाचरींच्या मागे लागू नये. उंच टाचा मात्र टाळाव्यात, रुंद टाचासुद्धा.

चालण्याची ढब. पाऊल थोडं आत किंवा बाहेर वळवून चाललं तर आतल्या कप्प्यावरचा भार बदलतो, पण कोणाचा कमी होईल आणि कोणाचा वाढेल हे माणसागणिक वेगळं. २०२५ साली लॅन्सेट रुमॅटॉलॉजीत आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ६८ जणांची चाल आधी मोजली, त्यांतल्या निम्म्यांना प्रत्येकासाठी योग्य दिशा आणि पाच किंवा दहा अंशांचा कोन ठरवून तसं चालायला शिकवलं, उरलेले तुलनेसाठी होते. वर्षभरानंतर त्यांचं दुखणं आणि एमआरआयवरचा कूर्चेचा ऱ्हास, दोन्ही तुलनेच्या गटापेक्षा कमी होते. भारातला बदल फक्त चार-पाच टक्क्यांचा होता, तरी फरक पडला. ही तपासणी अजून सहज मिळत नाही, आणि न मोजता मनाने पाऊल वळवणं योग्य नाही.

बसणं-उठणं. मांडी घालणं, उकिडवं बसणं, वज्रासन यांत गुडघा पूर्ण वाकतो. वाटीच्या मागे आणि मेनिस्कसच्या मागच्या भागावर दाब खूप वाढतो. चीनमधल्या बीजिंगच्या ज्येष्ठांच्या अभ्यासात तरुणपणी रोज दीर्घकाळ उकिडवं बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त आढळली. झीज असलेल्याने धुणं, भाजी निवडणं, पूजा ही कामं स्टुलावर किंवा उंच चौरंगावर बसून करावीत. शौचालय भारतीय पद्धतीचं असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची मिळते. शेतात खुरपणीला तासन्‌तास बसण्याऐवजी उभ्याने चालवायचं सायकल कोळपं वापरता येईल तिथे वापरावं. बसावंच लागलं तर दर वीस मिनिटांनी उठून चार पावलं टाकावीत.

इंजेक्शनं आणि गोळ्या

यांतलं काहीही रेषा बदलत नाही, हे आधी मनाशी ठेवा. स्टेरॉइडचं इंजेक्शन सुजलेल्या गुडघ्याला काही आठवडे आराम देतं. तेच दर तीन महिन्यांनी दोन वर्षं दिल्यावर मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनापेक्षा कूर्चा जास्त पातळ झाली आणि दुखण्यात फरक उरला नाही, असं २०१७ च्या चाचणीत दिसलं. अधूनमधून एखादं ठीक, वेळापत्रक लावून नको. 'वंगणाचं' म्हणून मिळणाऱ्या हायल्युरोनिक आम्लाच्या इंजेक्शनांचा फायदा मोठ्या चाचण्या एकत्र पाहिल्यावर नगण्य निघतो. पीआरपीची, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनाची, २८८ रुग्णांवरची ऑस्ट्रेलियन चाचणी २०२१ साली आली. वर्षानंतर दुखण्यात आणि कूर्चेच्या आकारमानात मिठाच्या पाण्यापेक्षा वेगळं काही हाती लागलं नाही. ग्लुकोसामीन आणि कोलॅजेनच्या भुकटीवर दरमहा हजारो रुपये जातात. तेवढ्यात चांगली काठी आणि फिजिओथेरपीच्या कित्येक भेटी होतात. दुखण्यासाठी गुडघ्यावर लावायचं डायक्लोफेनॅक जेल पोटाला आणि मूत्रपिंडाला गोळ्यांपेक्षा कमी त्रासाचं असतं, सुरुवात त्यानेच करावी.

रेषाच बदलणं

चाळिशी-पन्नाशीतला, कष्टाचं काम करणारा माणूस, झीज फक्त आतल्या कप्प्यात, गुडघा चांगला वाकतो आणि जवळजवळ पूर्ण सरळ होतो, बाक नडगीच्या हाडातच आहे. अशा वेळी सांधा बदलण्याआधी हाय टिबिअल ऑस्टिओटॉमीचा विचार व्हायला हवा, आणि आपल्याकडे तो पुरेसा होत नाही. नडगीचं हाड गुडघ्याखाली आतल्या बाजूने कापतात, बाहेरची कड बिजागरीसारखी अखंड ठेवतात, ठरलेल्या मिलिमीटरांनी फट उघडतात आणि प्लेट-स्क्रूने बसवतात. ढोबळमानाने एक मिलिमीटर उघडलं की एक अंश कोन बदलतो, पण आखणी स्कॅनोग्रामवरच करतात. रेषा मध्याच्या थोडी पलीकडे नेतात. जपानच्या फुजिसावांनी १९७९ साली सुचवलेली जागा अजूनही आधाराला धरतात: सांध्याची रुंदी आतल्या कडेपासून मोजली तर सुमारे ६२ टक्क्यांवर. अशा गुडघ्यांत काही महिन्यांनी दुर्बीण घालून पाहिलं, तर उघड्या पडलेल्या हाडावर तंतुमय कूर्चेचा थर आलेला अनेकदा दिसतो. मूळच्या दर्जाची ती नसते. तरीही भार हटला की सांधा थोडी दुरुस्ती करू शकतो, याचा हा पुरावा आहे.

चुकतं कुठे? कोन कमी दुरुस्त झाला तर दुखणं लवकर परततं. जास्त झाला तर बाहेरचा कप्पा झिजतो आणि पाय विचित्र दिसतो. बाहेरची बिजागरी तडकू शकते. धूम्रपान किंवा तंबाखू चालू असेल तर हाड जुळायला फार वेळ लागतो. हाड भरायला तीन ते सहा महिने जातात, आणि शेतकऱ्याने किंवा हमालाने तेवढ्या सुट्टीची सोय आधी करून ठेवावी. पाय गुडघ्यांतून एकमेकांना टेकणारा असेल तर हीच शस्त्रक्रिया बहुधा मांडीच्या हाडावर करावी लागते.

नडगीशेजारचं बारीक हाड, फिब्युला, दोन सेंटिमीटर कापून काढण्याची एक सोपी शस्त्रक्रिया २०१५ च्या सुमारास चीनमधून पुढे आली आणि आपल्याकडेही तिच्या जाहिराती दिसतात. काहींना सुरुवातीला आराम पडतो. पण नडगीचा कोन ती बदलत नाही, तिच्यामागचा पुरावा कच्चा आहे आणि जवळच्या मज्जातंतूला धक्का लागून अंगठा उचलता न येण्याचा धोका आहे.

सगळे कप्पे झिजले असतील, वय साठीच्या पुढे असेल आणि वरचं सगळं प्रामाणिकपणे करूनही रोजचं जगणं अडत असेल, तर पूर्ण सांधेबदल हाच चांगला उपाय. झीज एकाच कप्प्यात असेल तर अर्ध्या सांध्याचा पर्याय आहे का, हे विचारून घ्यावं. भारतात गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर ऑगस्ट २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

तोवर एक काम आजच करता येईल. जुने एक्स-रे जपून ठेवा, प्रत्येकावर तारीख आणि 'उभं राहून' की 'झोपून' हे लिहा. दोन वर्षांपूर्वीचा आणि आजचा एक्स-रे शेजारी ठेवले, की बाक स्थिर आहे की वाढतोय ते तुमच्या डॉक्टरांना दोन मिनिटांत सांगता येतं, आणि पुढचा निर्णय तिथूनच सुरू होतो.